व्यक्तिकेंद्री नियोजनाचे प्रशिक्षण

दिव्यांग व्यक्तीच्या, विशेषतः बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या व्यक्तीच्या मदतीचा आराखडा संस्थेच्या सोयीने न आखता, तिला स्वतःला कसे जगायचे आहे यावरून आखणे म्हणजे व्यक्तिकेंद्री नियोजन. काळजीवाहक, विशेष शिक्षक, पर्यवेक्षक आणि पालक यांना हे काम शिकवण्यासाठी कार्यशाळा घेतल्या जातात.

ही पद्धत १९८०च्या दशकात उत्तर अमेरिकेत आकाराला आली. मोठ्या निवासी संस्थांतून बाहेर पडणाऱ्यांच्या फायलींत निदान, औषधे आणि वर्तनाच्या तक्रारी भरपूर असत. माणूस कशाने खुलतो, हे क्वचितच सापडे. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात मायकेल स्मल आणि सुझन बर्क हॅरिसन यांनी बसवलेली जीवनशैली-नियोजनाची रीत याच अडचणीतून निघाली. पुढे ‘पाथ’ ही, स्वप्नापासून सुरुवात करून पहिल्या पावलापर्यंत येण्याची रीत जॅक पिअरपॉइंट, मार्शा फॉरेस्ट आणि जॉन ओब्रायन यांनी मांडली.

स्मल यांच्या परंपरेतील पायाभूत प्रशिक्षण साधारण दोन दिवसांचे असते. त्याचा कणा म्हणजे एक वर्गवारी: व्यक्तीला मोलाचे काय वाटते आणि तिच्या हिताचे काय आहे. मराठीत ‘महत्त्वाचे’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो, म्हणून ‘मोलाचे’ आणि ‘हिताचे’ हे दोन शब्द वेगळे ठेवलेले बरे. प्रशिक्षणार्थी सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या मोलाच्या रकान्यात ‘बिनसाखरेचा चहा’ लिहिला जातो. तो हिताच्या रकान्यातला. दुपारी चारला खिडकीशी बसून, घाई न होता चहा पिणे हे तिच्या मोलाचे असू शकते. दोन्ही नोंदी वेगळ्या झाल्या की चहाची वेळ आणि जागा राखून फक्त साखर काढता येते. एकत्र लिहिल्या, तर बहुधा चहाच बंद होतो.

मोलाच्या गोष्टी शोधण्यासाठी चांगला दिवस आणि वाईट दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत तपशिलाने विचारतात. पहिला प्रश्न त्या व्यक्तीलाच, गरज असेल तर चित्रे किंवा वस्तू दाखवून. मग तिला ओळखणाऱ्यांना. रात्रपाळीच्या माणसाला वगळू नये, कारण झोपेच्या आणि पहाटेच्या सवयी त्यालाच ठाऊक असतात.

न बोलणाऱ्या व्यक्तीसाठी चार रकान्यांचा संवाद-तक्ता करतात: काय घडत असते, ती काय करते, त्याचा अर्थ आम्हाला काय वाटतो, आम्ही काय करावे. उदाहरणार्थ: सगळे एकत्र जेवायला बसलेले असतात, ती ताट ढकलते, गोंगाट सहन होत नसावा, ताट शांत जागी वाढावे. तिसऱ्या रकान्यात ‘हट्ट’ लिहिले की चौथ्यात शिक्षाच येते. तिथे अंदाज लिहायचा असतो, आणि तो पडताळून पाहायचा असतो.

कर्मचाऱ्यांसाठी तीन वर्तुळांची आकृती असते. आतले वर्तुळ चुकू नये अशा कामांचे, जसे औषध वेळेवर देणे. मधले वर्तुळ स्वतःची अक्कल वापरण्याचे: रविवार कुठे घालवावा, नवी ओळख कशी करून द्यावी. बाहेरचे वर्तुळ आपल्या अखत्यारीबाहेरच्या गोष्टींचे: व्यक्तीने कोणाशी मैत्री करावी, देवाला हात जोडावेत की नाही. चूक झाल्यावर प्रत्येक वेळी ठपका ठेवला, तर मधले वर्तुळ रिकामे होते. कोणीच काही नवे करून पाहत नाही.

‘पाथ’चा सराव भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर होतो. एक सूत्रधार प्रश्न विचारतो, दुसरा उत्तरे चित्रांत उतरवतो. क्रम उलटा असतो: आधी स्वप्न, मग वर्ष-दोन वर्षांनी काय साध्य झालेले असेल याचे ते घडून गेल्यासारखे वर्णन, आणि त्यानंतर आजची स्थिती. पुढे कोणाला सोबत घ्यायचे, बळ कशातून मिळवायचे, येत्या काही महिन्यांत आणि पहिल्या महिन्यात काय करायचे आणि पहिले पाऊल कोणते, हे ठरते. पहिल्या पावलापुढे माणसाचे नाव आणि तारीख हवीच.

प्रशिक्षण वाया जाते ते बहुतेक वेळा व्यवस्थापक त्यात नसल्यामुळे. काळजीवाहक सकाळी उशिरा अंघोळ मान्य करतो, पण पाळीचे वेळापत्रक बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. म्हणून कार्यशाळेनंतर कामाच्या जागी मार्गदर्शक नेमून सराव चालू ठेवावा लागतो.

अमेरिकेत २०१४ च्या संघीय नियमानुसार मेडिकेड या, मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजनेच्या घर व समाजाधारित सेवांसाठी असा आराखडा सक्तीचा असून, किमान दर १२ महिन्यांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे: कायदेशीर पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांचा परस्परविश्वासावर आधारलेला संयुक्त निर्णय, ठरावीक बाबीपुरता आणि मुदतीपुरता, व्यक्तीच्या इच्छेला धरून. ती इच्छा नोंदवून ठेवायला ही साधने थेट उपयोगी पडतात. महाराष्ट्रात ती शिकवताना भाषेकडेही लक्ष द्यावे लागते. पस्तिशीतल्या माणसाचा उल्लेख ‘मुलगा’ असा होतो आणि त्याच्याशी सरसकट अरेतुरे केले जाते. आराखडा लिहिताना ‘ते’, ‘त्या’ वापरावे आणि कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, हे पहिल्याच ओळीत त्यांना विचारून लिहावे.