वाळूचं वादळ की धुळीचं? आखातात नव्याने आलेल्यांसाठी

आखातात नोकरीला आलेला माणूस पहिल्या वादळाचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'इथे वाळूचं वादळ!' लगेच आईचा फोन, 'डोळ्यांत नाही ना रे गेली?' काळजी खरी, पण चुकीच्या अवयवाची. कुवेत, दम्माम किंवा दोह्याच्या भरवस्तीतून काढलेल्या अशा फोटोत बहुतेक वेळा वाळू नसतेच. असते ती धूळ, आणि तिचं खरं काम फुफ्फुसात.

दोघींमधला फरक रवा आणि मैद्याचा. ढोबळमानाने ०.०६ मिलिमीटरहून मोठा कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक ती धूळ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वादळ किती उंच जाणार, किती टिकणार आणि तुम्हाला त्रास कुठे देणार, हे सगळं त्यावरच ठरतं.

वाळूचा कण जड. वारा त्याला जरासा उचलतो आणि पुढे नेऊन आपटतो. आपटलेला कण उसळतो आणि पडताना आणखी चार कणांना उडवतो. ब्रिटिश लष्करातल्या राल्फ बॅगनॉल्ड या अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात हे पाहिलं आणि नंतर प्रयोगशाळेत वारा सोडून मोजलंही. अशा उड्यांनी वाळू फार वर जात नाही. तिचा पडदा कमरेएवढा, फार तर डोक्याएवढा, आणि वर आभाळ चक्क निळं असू शकतं. अबू धाबीहून लिवाकडे जाताना किंवा कुवेतमधल्या सालमी रस्त्यावर हे दिसतं. डांबरावरून पिवळसर रेघा वळवळत आडव्या सरकत असतात. गाडीतून उतरलात तर पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखं होतं, आणि दाराच्या खालच्या पत्र्यावर तडतड चालू असते. वारा पडला की वाळू तिथेच बसते. मागे उरतो तो रस्त्यावर साचलेला ढीग, आणि रात्री वेगात येणाऱ्या गाडीला तोच महागात पडतो.

धुळीची गोष्ट लांबते. उन्हाळ्यात, विशेषतः जून-जुलैत, वायव्येकडून 'शमाल' वाहतो. इराकमधल्या तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातला वाळलेला गाळ तो उचलतो आणि कुवेत, सौदीचा पूर्व किनारा, बहरीन, कतार असा खाली आणतो. गंमत अशी की बारीक धूळ आपणहून सहजी उडत नाही, कारण तिचे कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. उड्या मारणारी वाळू त्यांच्यावर आदळते तेव्हा ते सुटतात. म्हणजे उगमापाशी दोघी एकत्रच असतात. पुढे वाळू मागे पडते आणि धूळ काही किलोमीटर उंच चढून देशोदेशी निघते. वारा थांबला तरी ती एक-दोन दिवस हवेत तरंगत राहते. मुंबईकरांना याचा नमुना घरबसल्या मिळालाय. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्यातल्या गाड्यांवर पांढरट थर बसला होता. तिथे वाळूचा एक कणही पोचला नसेल.

त्याच वर्षी मे महिन्यात कुवेतच्या विमानतळावरची उड्डाणं धुळीमुळे काही काळ थांबवावी लागली, आणि इराकमध्ये हजारो लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखाना गाठावा लागला. वाळू नाकात, घशात अडकते. शिंकलात, चूळ भरलीत की निघते. अगदी बारीक धूळ मात्र थेट आत उतरते. दम्याचा पंप असेल तर तो खिशात हवा, कपाटात नको. तोंडाला बांधलेला रुमाल वाळूला पुरतो. धुळीला नीट बसणारा एन-९५ मास्कच लागतो.

घरातही तेच. रात्रभर खिडक्या घट्ट बंद असल्या तरी सकाळी काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर बोट फिरवा, रेघ उमटेल. स्लायडिंगच्या खाचांत आणि दाराच्या फटीला ओली फडकी लावा, पुसतानाही ओलंच फडकं वापरा. झाडू मारणं म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत सोडणं. मग एसीचे फिल्टर धुवा. घरमालक ते करून देईल या भ्रमात राहू नका.

गाडी चालवताना मात्र दोन्हींत फार फरक करत बसू नये. दिसेनासं झालं की वेग कमी करा, दिवे लावा, फारच झालं तर रस्ता सोडून बाजूला थांबा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची आपली सवय इथे सोडा, अमिरातीत त्याला दंड आहे. अबू धाबीत अशा वेळी पाट्यांवर ८० ची वेगमर्यादा झळकते, ती सूचना नसून हुकूम असतो.

समोरून भिंतीसारखी धूळ चालून येताना दिसली, तर तो शमाल नसून ढगातून कोसळलेल्या थंड वाऱ्याचा 'हबूब' असण्याची शक्यता जास्त. तो बहुधा लवकर ओसरतो, त्यामुळे जिथे आहात तिथे आडोशाला थांबून वाट बघणं परवडतं. शमालात तशी वाट बघायला बसलात तर मुक्कामच पडेल.

वादळानंतर काचेवर धूळ असताना कोरडे वायपर फिरवू नका, आधी पाणी मारा. आणि आभाळ भरलेलं असेल तर गाडी धुवायची घाईही नको. हवेत उरलेली धूळ घेऊन पाऊस येतो, तेव्हा चिखलाचे थेंब पडतात आणि गाडी पुन्हा धुवावी लागते.