मोठ्या बोअरची जड गोळी : रायफलधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आधी कायद्याचे, कारण ते चुकले तर पुढचे वाचून उपयोग नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. गवा अनुसूची १ मध्ये आहे. तो भातात शिरो की काजूच्या बागेत, त्याच्यावर बार काढता येत नाही. वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, एवढेच. रानडुकरासाठीही शेतीसंरक्षणाचा शस्त्रपरवाना पुरेसा नाही. वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते आणि ती हातात पडेपर्यंत बंदूक भिंतीवरच बरी.

म्हणून हे पत्रक दोन प्रकारच्या ग्राहकांसाठी आहे. दक्षिण आफ्रिका, नामिबिया अशा देशांत रीतसर परवान्याने केप बफेलो (आफ्रिकी रानरेडा), इलंड (मोठे कुरंग) यांसारख्या जनावरांच्या शिकारीला जाणारे, आणि घरी .३१५ किंवा .३०-०६ बोअरची रायफल बाळगणारे परवानाधारक. पहिल्यांचा विषय मोठा आहे, म्हणून तो आधी.

जड म्हणजे जाड नव्हे

डब्यावरचा ग्रेनचा आकडा गोळीच्या वजनाचा असतो, आतल्या दारूचा नव्हे. हा घोळ अजून होतो. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. ३०० ग्रेनची गोळी साडेएकोणीस ग्रॅम भरते आणि ५०० ग्रेनची सुमारे साडेबत्तीस.

नुसत्या वजनावरून मात्र काही कळत नाही. ते वजन किती जाडीच्या गोळीत बसवले आहे हे पाहायचे. त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात (जास्त तेवढी गोळी खोल घुसते) आणि ती कोणालाही काढता येते : ग्रेनला ७,००० ने भागा, मग गोळीच्या इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागा. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी ०.३०५ देते, त्याच बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) २३५ ग्रेनची ०.२३९. .४५८ ची ५०० ग्रेनची ०.३४१ देते, पण त्याच .४५८ ची ३५० ग्रेनची जेमतेम ०.२३८. म्हणजे बोअर पाहून छाती दडपणारी ती गोळी आत घुसण्याच्या बाबतीत .३०-०६ च्या २२० ग्रेनच्या (०.३३१) खाली येते. केप बफेलोसारख्या जाड कातडीच्या, भारी हाडाच्या जनावराला ०.३०० च्या खाली उतरू नये, असा आमचा सल्ला आहे. एकसंध तांब्याच्या गोळीला यात थोडी सूट देता येते. कारण पुढे येईल.

हा आकडा गोळीचा आकार टिकेपर्यंतच खरा. सॉफ्ट नोज (मऊ तोंडाची) गोळी छत्रीसारखी उमलून दुप्पट जाड झाली की तिचे तोंड चौपट होते आणि ०.३०५ चे ०.०७६ उरते. तेही एक ग्रेनसुद्धा न गमावता. म्हणून वजनाइतकेच बांधणीकडे पाहावे लागते.

बांधणी

साधी सॉफ्ट नोज, म्हणजे पातळ तांब्याच्या कवचात नुसते ओतलेले शिसे, हरणासाठी ठीक. जवळून, वेगात, खांद्याच्या हाडावर बसली की कवच आणि शिसे वेगळे होतात. जखम रुंद दिसते पण उथळ राहते, आणि जखमी बफेलोच्या मागे झाडीत शिरण्याची वेळ बहुधा अशाच गोळीमुळे येते.

बाँडेड गोळीत शिसे कवचाला जोडलेले असते. पार्टिशन पद्धतीत मध्ये तांब्याची आडभिंत असते : पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून पुढे ढकलत जातो. नॉसलर पार्टिशन १९४८ पासून बाजारात आहे. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये आडभिंतही आहे आणि जोडणीही. बफेलोच्या पहिल्या गोळीसाठी यांतली कोणतीही चालेल.

एकसंध तांब्याची गोळी जवळजवळ सगळे वजन राखते, म्हणून तिला बोअरमधले सर्वांत जड वजन घ्यायची गरज नसते. उलट घेऊच नये. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) जास्त जागा खाते आणि नळीतल्या आट्यांचा पीळ पुरेसा घट्ट नसेल तर हवेत डुलते. .३७५ मध्ये शिशाची ३०० ग्रेन घेणाऱ्याने तांब्याची २५० ते २७० घ्यावी. ही गोळी उमलायला वेग लागतो. लक्ष्यावर वेग सेकंदाला साधारण १,८०० फुटांच्या खाली आला की बंद छत्रीसारखी आरपार जाते.

सॉलिड गोळी उमलतच नाही. हत्तीसाठी तीच, आणि बफेलोसाठी दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला, जेव्हा जनावर पाठ फिरवून पळत असते आणि मागून पार छातीपर्यंत पोचायचे असते. सपाट तोंडाची सॉलिड गोल तोंडाच्या सॉलिडपेक्षा आत सरळ चालते. तिची खोड एकच : काही बोल्ट (हाताने मागेपुढे करायच्या खिट्टीच्या) रायफलींत तिची कड चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) तोंडाशी अडते. दारू आणि टोपी (बुडाचा ठिणगी देणारा भाग) नसलेल्या डमी काडतुसांनी मॅगझिन भरून दहा वेळा बोल्ट चालवून पाहा, हळू आणि जोरात, दोन्ही.

सॉफ्ट आणि सॉलिड मिसळून वापरणार असाल तर दोन्ही ५० मीटरवर एकाच जागी बसतात का, ते आधी रेंजवर तपासा. तीन-तीन गोळ्यांच्या दोन जुड्यांमध्ये पाच सेंटीमीटरपर्यंतचे अंतर चालेल. त्याहून जास्त असेल तर सॉलिडचे वजन किंवा बनावट बदला, दुर्बिणीला हात लावू नका.

कोणते बोअर, किती वजन

.३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम १९१२ ची आहे आणि आजही पहिली पसंती तिलाच द्यावी. ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,५३० फुटांनी निघते, म्हणजे नळीच्या तोंडाशी जवळपास ५,८०० ज्यूल. नामिबियात बफेलो-हत्तीसाठी किमान ५,४०० ज्यूल लागतात, तिथे ती बसते. हलकी गोळी किंवा कमी भरलेले काडतूस घेतले तर हीच रायफल नियमाखाली घसरू शकते. डब्यावरचा आकडा नीट वाचा.

.४१६ रिग्बी (१९११) आणि .४०४ जेफरी, दोन्हींत ४०० ग्रेन. या जुन्या काडतुसांच्या केस ऐसपैस आहेत त्या उष्ण देशांसाठी : उन्हात दारूचा दाब वाढतो, त्याला जागा हवी.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ ची. केस आखूड, ५०० ग्रेनची गोळी लांब, म्हणून दारू दाबून भरावी लागे. सुरुवातीच्या काडतुसांत ती दारू कालांतराने गठ्ठा होऊन वेग पडल्याच्या तक्रारी होत्या. आताच्या दारूने हा प्रश्न बराच सुटला आहे, तरी यात ४५० ग्रेनची गोळी आम्हाला जास्त समजूतदार वाटते. सेक्शनल डेन्सिटी ०.३०६ मिळते आणि दारूला जागा राहते.

.४७० नायट्रो एक्सप्रेस किंवा कोणतीही दुनळी रायफल असेल तर निवड कारखान्यानेच केलेली असते. दोन्ही नळ्या एका ठराविक वजनाला आणि वेगाला जुळवून एकमेकींना बांधलेल्या असतात; .४७० साठी ५०० ग्रेन, २,१५० फूट. वजन बदलले की उजवी एकीकडे, डावी दुसरीकडे. आजोबांच्या वेळच्या पातळ नळीच्या दुनळीत कडक एकसंध सॉलिड घालू नये, आट्यांचे ठसे नळीच्या बाहेरून उमटतात.

बोअरचे नाव आणि गोळीचा व्यास एकच असतो असे समजू नका. .४०४ जेफरीची गोळी .४२३ इंचाची, .४७० ची .४७५ च्या आसपास, आपल्या .३१५ ची .३२३. .४१६ रिग्बी आणि .४१६ रेमिंग्टनची गोळी सारखी, काडतूस वेगळे. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.

मॅगझिनमध्ये काय होते

जड गोळीचा धक्का खांद्याला बसतो तसा मॅगझिनमध्ये थांबलेल्या काडतुसांनाही बसतो. प्रत्येक बाराला ती पुढच्या भिंतीवर आपटतात आणि गोळी केसमध्ये कणकण मागे सरकते. सरकली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. व्हर्नियरने लांबी मोजा : .३७५ एच अँड एच ची कमाल लांबी ९१.४ मिलिमीटर. नवे काडतूस मोजून आकडा लिहून ठेवा, ते मॅगझिनच्या तळाशी घाला, वरून तीन बार काढा, मग तेच पुन्हा मोजा. अर्धा मिलिमीटर जरी आखूड झाले तरी तो डबा शिकारीला नेऊ नका. केसचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट दाबून बसवलेले (क्रिम्प केलेले) काडतूस निवडा.

विमानात प्रवाशामागे काडतुसांना पाच किलोची मर्यादा असते, पॅकिंगसकट, आणि ती रायफलपासून वेगळी ठेवावी लागतात. .४५८ ची काडतुसे वजनाला किती लवकर भरतात हे घरच्या काट्यावर पाहून घ्या. बऱ्याच जणांना रायफल तिथेच भाड्याने घेणे सोयीचे पडते. तेव्हा गोळीचे वजन आणि बनावट आधीच लेखी ठरवून घ्यावी.

घरची .३१५ आणि .३०-०६

परवानगीने रानडुक्कर मारायचे तर .३१५ ची २४४ ग्रेन सॉफ्ट नोज किंवा .३०-०६ ची १८० ग्रेन पुरे. याहून जड शोधू नका आणि सॉलिड तर मुळीच नको. आरपार गेलेली सॉलिड जांभ्याच्या कातळावर आपटून कुठे वळेल सांगता येत नाही, आणि आपल्याकडे बागेच्या गडग्यापलीकडे कोणाची तरी वाडी असतेच. मागे मातीचा उतार असेल तरच बार काढावा.

खारी हवा आणि पावसाळा

आपल्याकडे काडतुसे खराब होतात ती बहुधा साठवणीने. चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या काडतुसावर महिन्याभरात हिरवा कळंक चढतो, कारण कमावलेल्या चामड्यात आम्ल असते. पट्टा शिकारीपुरता, एरवी मूळ डबा, तोही सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात. कळंक नखाने किंवा कोरड्या फडक्याने निघाला आणि खाली पितळ गुळगुळीत असेल तर ठीक. खाली खड्डा दिसला तर ते काडतूस बाद.

गोठ्याशेजारच्या किंवा युरियाच्या खोलीत काडतुसे ठेवू नका. अमोनिया आणि दमट हवा मिळून पितळेला मानेपाशी उभ्या चिरा पाडतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे अशीच फुटत आणि त्याचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले. चीर केसासारखी असते; भिंगातून, उजेडात काडतूस फिरवत पाहिले तरच दिसते.

तेल लावू नका. पातळ तेल टोपीत झिरपून तिला निकामी करते, आणि तेलकट केस चेंबरला धरत नाही, त्यामुळे बोल्टवर जास्त जोर येतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत काडतुसे ठेवून रत्नागिरी-मुंबई करू नका.

दुकानात येताना परवान्याची मूळ प्रत, रायफलवर कोरलेल्या मजकुराचा फोटो आणि सध्या वापरता त्या काडतुसाचा रिकामा डबा आणा. रायफल आणायची असेल तर बोल्ट काढून, काडतुसे घरी ठेवून.