मिडीची वाट वेगळी, आवाजाची वेगळी

मिडी कीबोर्ड संगणकाला जोडलेला आहे, कळ दाबताच सॉफ्टवेअरमधला मीटर हलतो, पण हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नाही, ही घरच्या घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांची नेहमीची अडचण असते. वायर बदलण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही, फक्त सूचना जातात. १९८३ साली अमेरिकेतील नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले, तेव्हापासून ही पद्धत मुळात तशीच आहे. कळ दाबली की तीन बाइट निघतात. त्यांत चॅनल, स्वराचा क्रमांक आणि कळ किती जोरात दाबली याचा १ ते १२७ मधला आकडा असतो. मूळ पाच पिनांच्या वायरीतूनही हे तीन बाइट सुमारे एका मिलिसेकंदात पोहोचतात.

या सूचनेचा सूर कोण करणार, हे सॉफ्टवेअरमधली मिडी आउटपुटची निवड ठरवते. तो सूर कोठून ऐकू येणार, हे ऑडिओ आउटपुटची निवड ठरवते. ट्रॅकवर सॉफ्टवेअरमधलेच वाद्य लावले असेल, तर मिडी आउटपुट निवडण्याची गरजच नसते; कीबोर्डचे मिडी इनपुट आणि ट्रॅकचे मॉनिटरिंग (वाजवतानाच आवाज ऐकू देणारी सोय) चालू असले की पुरते. विंडोजमध्ये मात्र मिडी आउटपुटच्या यादीत मायक्रोसॉफ्टचा जीएस वेव्हटेबल सिंथ हा विंडोजसोबतच येणारा सिंथेसायझर दिसतो आणि अनेक जण तोच निवडतात. आवाज येतो, पण कळ दाबल्यानंतर जाणवण्याइतक्या उशिराने. शिवाय तो सॉफ्टवेअरच्या बाहेर तयार होत असल्यामुळे गाणे फाइलमध्ये उतरवल्यावर तो ट्रॅक गायब असतो.

उशिराची खरी मेख ऑडिओ आउटपुटच्या बाजूला आहे. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून न पाठवता बफरमध्ये साठवून गठ्ठ्याने पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील, तर १०२४ नमुन्यांच्या बफरने २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि १२८ नमुन्यांच्या बफरने तीनपेक्षाही कमी. ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आणि ऑडिओ इंटरफेस (संगणकाला आवाज आत-बाहेर करण्यासाठी जोडलेले उपकरण) त्यात आपापली भर घालतात ती निराळी. दहा मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यासारखा असतो. संथ आलापीला तो चालून जाईल, पण तबल्याचे ‘तिरकिट’ कळांवर वाजवणाऱ्याचा हात त्याने अडखळतो. बफर फार लहान केला, तर संगणकाला वेळेत हिशेब पुरा करता येत नाही आणि आवाजात टकटक सुरू होते. म्हणून वाजवताना बफर लहान आणि पुढे मिक्सिंग करताना मोठा ठेवावा, हे उत्तम. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा एएसआयओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर असेल, तर ऑडिओ डिव्हाइस म्हणून तोच निवडावा. मॅकमध्ये त्यातच असलेली कोअर ऑडिओ ही यंत्रणा हे काम आधीच करत असते. ब्लूटूथ हेडफोन गाणे ऐकायला ठीक आहेत, पण त्यांचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जातो आणि तो बफर बदलून कमी होत नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने, हाही एकदा तपासून घ्यावा. ४४,१०० ने मुद्रित केलेला आवाज रूपांतर न होता ४८,००० च्या गतीने वाजला, तर तो जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एक पट्टीतले गाणे पांढरी दोनच्याही वर जाते आणि लयही तितकीच वाढते.