हितावह उपेक्षा

उत्तर अमेरिकेतील वसाहतींवर ब्रिटनने साधारणपणे १७६३ पर्यंत जे सैल नियंत्रण ठेवले, त्यास इतिहासलेखनात रूढ झालेले नाव. मूळ शब्दप्रयोग ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क याचा. २२ मार्च १७७५ रोजी पार्लमेंटमध्ये वसाहतींशी समेटाची बाजू मांडताना त्याने ‘शहाणी व हितावह उपेक्षा’ असे म्हटले. वसाहतींची भरभराट सरकारी दक्षतेमुळे नव्हे, तर मोकळीक मिळाल्यामुळे झाली, असा त्याचा आशय होता. म्हणजे संज्ञा तो काळ सरल्यानंतरची असून तीत समर्थन दडलेले आहे, हे ती वापरताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कालखंडाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचा आरंभ १६०७ च्या जेम्सटाउन या पहिल्या कायम इंग्रज वस्तीपासून, तर काही न्यू इंग्लंडचे (ईशान्येकडील वसाहतींचे) एकत्रित राज्य १६८९ मध्ये कोसळले तेव्हापासून मानतात. परंतु १६९६ मध्ये वसाहतींच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या व्यापारमंडळाची स्थापना झाली आणि वसाहतींच्या सागरी व्यापारावर बंधने घालणारे नौकानयनाचे कायदे कडक करण्यात आले, त्यामुळे पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल (कारकीर्द १७२१–४२) व वसाहतींचे खाते १७२४ ते १७४८ सांभाळणारा न्यूकॅसलचा ड्यूक यांच्या काळापुरती संज्ञा मर्यादित ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. शेवटही काहींच्या मते १७४८ मध्येच, हॅलिफॅक्सचा अर्ल व्यापारमंडळाचा अध्यक्ष झाल्यावर, सुरू झाला. उपेक्षा हे जाहीर धोरण कधीच नव्हते. अटलांटिक ओलांडण्यास लागणारे अनेक आठवडे, फ्रान्सकडे लागलेले लक्ष आणि वसाहतींतील पदे मर्जीतल्या माणसांना वाटण्याची पद्धत, यांतून ती घडत गेली.

काकवीच्या व्यापारात तिचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते. फ्रान्सने आपल्या ब्रँडीच्या धंद्याच्या रक्षणासाठी काकवीपासून बनणाऱ्या रम या मद्याला मायदेशात मज्जाव केल्याने फ्रेंच वेस्ट इंडीजमधील काकवी स्वस्त पडे. न्यू इंग्लंडच्या रम-भट्ट्या तिच्यावरच चालत. १७३३ च्या कायद्याने परकीय काकवीवर गॅलनला ६ पेन्स जकात बसवली. ती प्रामाणिकपणे भरली असती, तर धंदा बुडाला असता. ती क्वचितच भरली गेली: जकातीचे अनेक अधिकारी इंग्लंडमध्येच राहत, त्यांचे तुटपुंज्या पगाराचे दुय्यम बोस्टनमध्ये लाच घेत. १७६४ मध्ये दर ३ पेन्सांवर आणून वसुली मात्र खरी सुरू झाली, तेव्हा कर कमी होऊनही त्याविरुद्ध बंदरांत संताप उसळला.

राजकीय परिणाम प्रतिनिधिसभांत दिसतो. गव्हर्नरचा पगार मंजूर करणे सभेच्या हाती असल्याने राजाचा माणूस तिच्या मर्जीवर राही. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने गव्हर्नर विल्यम बर्नेटला कायम वेतन नाकारले; तो वाद १७२९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरही चालला आणि अखेर १७३५ मध्ये वर्षागणिक मंजुरीस लंडननेच मान्यता दिली. ऱ्होड आयलंड व कनेटिकट तर आपले गव्हर्नर स्वतःच निवडत. तरीही नियंत्रण पूर्णपणे सुटले नव्हते: बहुतेक वसाहतींना आपले कायदे लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलकडे (राजाच्या सल्लागार मंडळाकडे) पाठवावे लागत आणि त्यांतील सुमारे ५ टक्के रद्द होत. धर्मक्षेत्रातही तोच सैलपणा होता. स्वातंत्र्यापूर्वी वसाहतींत इंग्लंडच्या अधिकृत (अँग्लिकन) चर्चचा एकही बिशप नव्हता.

या मोकळिकीचा लाभ मुख्यतः मालमत्ताधारक गोऱ्या पुरुषांना झाला. ज्या सभांनी स्वशासनाचे धडे गिरवले, त्याच सभांनी व्हर्जिनियात १७०५ आणि दक्षिण कॅरोलायनात १७४० मध्ये गुलामगिरीच्या कठोर संहिता केल्या.