हिटलरनं ओवेन्सचा हात झिडकारला होता का?
बर्लिन ऑलिंपिकमध्ये (१९३६) हिटलरनं कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्सशी हस्तांदोलन नाकारलं, ही अमेरिकी क्रीडा पत्रकारांनी रंगवलेली गोष्ट आजही सर्रास सांगितली जाते. ती खरी नाही. २ ऑगस्टला हिटलरनं जर्मन आणि फिनिश विजेत्यांना आपल्या कक्षात बोलावून त्यांचं अभिनंदन केलं; उंच उडी जिंकणाऱ्या कृष्णवर्णीय कॉर्नेलियस जॉन्सनचा सन्मान व्हायच्या आत हिटलर मैदानातून निघून गेला. ऑलिंपिक समितीनं बजावलं, अभिनंदन करायचं तर सगळ्यांचं, नाहीतर कुणाचंच नको. त्यानं जाहीर अभिनंदनच बंद केलं. ओवेन्सचं पहिलं सुवर्ण ३ ऑगस्टचं, म्हणजे त्यानंतरचं! डावलला गेला असेल तर जॉन्सन, आणि त्याचंच नाव कुणी घेत नाही, हे फार लागतं. चार सुवर्णपदकं जिंकलेल्या ओवेन्सला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची साधी तारही आली नाही.