शीर बंद केल्यावर पाय का ओढतो

व्हेरिकोज व्हेन्सवर, म्हणजे पायातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांवर, लेझरने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) शीर आतून बंद करण्याचे उपचार झाले की पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच जणांना फारसं दुखत नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून मांडीच्या आतल्या बाजूला ओढ बसू लागते. गुडघा सरळ केला की आतून दोरी ताणल्यासारखं वाटतं, खुर्चीतून उठताना कळ येते, जिना उतरताना पाय आखडतो. कमी व्हायला हवं ते दुखणं वाढत चाललेलं पाहून माणूस घाबरतो आणि ओळखीचं कारण गाठतो, स्नायू ताणला गेला असणार. मग तो पाय उशीवर ठेवून दिवसच्या दिवस पडून राहतो, नाहीतर घरातल्या कुणाकडून मांडी-पोटरी जोरात चोळून घेतो. नेमक्या याच दोन गोष्टी या काळात टाळायच्या असतात.

बंद केलेली शीर मुळात स्नायूत नसतेच. पायातली मोठी वरवरची शीर घोट्याच्या आतल्या बाजूला सुरू होते, गुडघ्याच्या आतून मांडीवर चढते आणि जांघेत खोल, मुख्य शिरेला मिळते. या सगळ्या वाटेवर ती स्नायूंवरच्या घट्ट आवरणाच्या वर, चरबीच्या थरात असते. दुसरी, लहान शीर पोटरीच्या मागून मधोमध वर येते आणि बहुधा गुडघ्याच्या मागे खोल शिरेत उतरते. उपचारात सोनोग्राफीवर पाहत शिरेच्या आत एक बारीक नळी सरकवतात. शिरेभोवती सुया टोचून भुलीचं पातळ द्रावण बऱ्याच प्रमाणात सोडतात. त्या द्रावणाची कामं तीन असतात. भाग बधिर होतो, शीर दबून नळीला चिकटते आणि आजूबाजूची त्वचा व चेतातंतू उष्णतेपासून वाचतात. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत 7 सेंटिमीटरचा तुकडा एका वेळी 20 सेकंद 120 अंश सेल्सिअसला तापवतात, नळी मागे ओढतात आणि पुढचा तुकडा घेतात.

या उष्णतेने शिरेच्या भिंतीतली प्रथिनं आकसतात. भिंत जाड होते, पोकळी मिटते. पण शीर त्या क्षणी नाहीशी होत नाही. ती मोडीत काढायचं काम शरीर नंतर करतं. पांढऱ्या पेशी तिथे जमतात, दाह चढतो, मग तंतुमय ऊती तयार होते आणि पुढच्या काही महिन्यांत शीर आक्रसत विरून जाते. दाह हळूहळू चढत असल्यामुळे दुखणं उपचाराच्या दिवशी नव्हे, तर साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं. आकसलेली शीर पूर्वीसारखी लवचिकही राहत नाही. गुडघा सरळ केला की तिला लांबावं लागतं, ती लांबत नाही, आणि ओढ बसते. मांडीच्या मागच्या स्नायूंचे आतले कंडरे आणि जांघेचे स्नायू याच पट्ट्यात असल्यामुळे ही ओढ स्नायूची वाटते. सडपातळ माणसाला बोट फिरवल्यावर त्वचेखाली कडक, दुखरी रेघही लागते. सुया टोचलेल्या जागी काळेनिळे डाग पडतात आणि ते काही दिवसांत खाली उतरलेले दिसतात. रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतं म्हणून तसं होतं, नवी इजा झाल्यामुळे नव्हे.

शीर आणि स्नायू यांतला फरक घरी बऱ्यापैकी कळू शकतो. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा, टाच खुर्चीच्या पायाला मागे टेकवा आणि पाय न हलवता 5 सेकंद मागे दाबा. यात मांडीच्या मागचा स्नायू जोर लावतो, पण शीर ताणली जात नाही. आता जोर सोडून गुडघा हळूच सरळ करा. दाबताना काही वाटलं नाही आणि सरळ करताना ओढ बसली, तर दुखणं शिरेचं असण्याची शक्यता जास्त. दाबतानाच ठरावीक जागी खोल कळ आली, तर स्नायूकडे लक्ष द्या. जांघेसाठी दोन गुडघ्यांच्या मधे उशी धरून दाबा, पोटरीसाठी आधार धरून दोन्ही टाचा उचला. जागाही बोलते. शिरेचं दुखणं वरवर आणि लांब रेघेत असतं, स्नायूचं खोल आणि एका टप्प्यात. मात्र या तपासणीने रक्ताची गुठळी नाही असं ठरत नाही, कारण पोटरीतली गुठळी टाचा उचलतानाही दुखू शकते.

स्नायूला खरोखर इजा होतेच नाही असं नाही. बहुतेक वेळा ती लंगडण्यातून होते. ओढ टाळण्यासाठी माणूस गुडघा किंचित वाकवून, चवड्यावर भार देत चालतो. मांडीचा मागचा स्नायू आणि पोटरी कितीतरी दिवस आखूड अवस्थेत काम करतात, दुसऱ्या पायावर आणि कमरेवर जास्तीचा भार येतो. मग एके दिवशी बरं वाटतं म्हणून माणूस धावतो किंवा वजन उचलतो आणि पोटरीच्या आतल्या बाजूला अचानक चटका बसतो. क्षण आठवतो, ही स्नायूच्या इजेची मोठी खूण. शिरेचं दुखणं असं एका क्षणात सुरू होत नाही. सौम्य ताण 1 ते 3 आठवड्यांत सुटतो, तंतू बऱ्यापैकी फाटले असतील तर दीड-दोन महिने किंवा जास्त लागतात. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं लावता येतो, पण जिथली त्वचा बधिर आहे तिथे नको, गारठ्याने जखम झालेली कळणार नाही. नंतर न हलवता जोर लावण्याचे व्यायाम, मग हलका भार, आणि चालताना अजिबात दुखत नाही तेव्हाच धावणं.

शिरेच्या ओढीवर पहिला उपाय चालणं. उभं असताना घोट्याजवळच्या शिरांतला दाब 80 ते 90 मिलिमीटर पारा एवढा असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि तो 20-30 पर्यंत उतरतो. पडून राहिलात तर हे ढकलणं थांबतं, रक्त साचतं, गुठळीचा धोका वाढतो. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा 10 ते 20 मिनिटं, सपाट जागी, टाच आधी टेकवत आणि गुडघा पूर्ण सरळ होऊ देत चाला. पावलं हवी तर छोटी टाका, पण लंगडू नका. चालल्यावर ओढ सैल होते, हे बहुतेकांना पहिल्याच फेरीत जाणवतं. दिवसातून दोन-तीनदा पाय पुढे पसरून गुडघा सावकाश सरळ करा आणि ओढ जाणवेल तिथे 20 सेकंद थांबा. झटके नकोत. एका जागी बराच वेळ उभं राहणं टाळा. पहिले एक-दोन आठवडे जड वजनही नको, कारण श्वास रोखून जोर लावला की पोटातला दाब वाढून शिरांवर उलटा येतो.

दाबाचे मोजे किती दिवस घालायचे यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शनात 7 दिवसांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे, इतरत्र दोन आठवडेही सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पाळा. मोज्याची वरची पट्टी गुंडाळली जाऊ देऊ नका. गुंडाळलेली पट्टी पाय आवळते आणि तिच्याखाली सूज व दुखणं वाढतं, दोष मात्र उपचाराला दिला जातो. बोटं निळी, पांढरी किंवा बधिर झाली तर मोजा लगेच काढा.

औषधांत आयबुप्रोफेन दाहावर नेमकं काम करतं, प्रौढांसाठी एका वेळी 400 मिलिग्रॅम, जेवणानंतर, थोडे दिवस. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, दमा, गर्भारपण यांपैकी काही असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता ते घेऊ नका.

आता गुठळीविषयी. या उपचारांनंतर खोल शिरेत गुठळी क्वचितच होते, पण ती चुकवून चालत नाही. एकाच पायाची पोटरी सुजते, जड आणि ताठ होते, बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो, चालूनही आराम पडत नाही. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) हवी. हे माप उपचाराच्या आधीही घेऊन ठेवा, कारण काहींचा एक पाय मुळातच जाड असतो. घेर सारखा असला तरी बाकीच्या खुणा दिसल्या तर थांबू नका. दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर आली, तर थेट तातडीच्या विभागात जा. गुठळीची शंका असताना पोटरी चोळायची नाही, गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते.

काही शिरा उष्णतेऐवजी फोमचं, म्हणजे फेसासारख्या औषधाचं, इंजेक्शन देऊन बंद करतात. अशा शिरेत कधी रक्त अडकून गडद, दुखरी गाठ होते. डॉक्टर सुईने ते रक्त काढतात, दुखणं उतरतं आणि डागही कमी राहतो. पोटरीच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल, तर शिरेला खेटून जाणाऱ्या चेतातंतूला धग लागलेली असू शकते. ते सहसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळतं. त्वचा लाल होऊन लाली पसरत असेल, ताप असेल, पू येत असेल, तर संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवा.

दीड-दोन महिन्यांनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं शिरेच्या खात्यावर टाकू नका. कमरेतून पायात उतरणारी कळ मणक्यातल्या चेतातंतूची असू शकते, जिन्यावर दुखणारा गुडघा सांध्याचा. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जातो, असं असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत का हे तपासून घ्या. त्या तपासणीत घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, आणि तिचा निकाल येईपर्यंत दाबाचे मोजे घालू नका.