फोन कुठला चांगला? आधी साल सांगा

ठाण्यात चार जण बसले आणि जुन्या फोनचा विषय निघाला, की पाच मिनिटांत गाडी नोकियाच्या ३३१० विरुद्ध ११०० वर येते. एकाचा ३३१० जिन्यावरून गडगडत गेला होता आणि बॅटरी परत बसवल्यावर जणू काही झालंच नाही असा चालू झाला होता. दुसरा ११०० ची टॉर्च पुढे करतो. तिसऱ्याला सोनी एरिक्सनचा वॉकमन फोन आठवतो आणि मग त्याचे डोळे जरा ओले होतात. माझ्या कपाटाच्या कप्प्यात यातले सहा फोन पडून आहेत, त्यामुळे या वादात मला थोडा अधिकार आहे असं मी समजतो. माझं म्हणणं एवढंच, की साल सांगितल्याशिवाय ही तुलना करूच नये. मिनिटाला किती पैसे पडत होते त्यावर फोन कसा वापरायचा हे ठरायचं, आणि कसा वापरायचा त्यावर तो चांगला की वाईट हे.

सुरुवात ३१ जुलै १९९५ ची. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला पहिला मोबाइल कॉल तो. मुंबईसाठी परवाने दोघांना मिळाले होते: बीपीएल आणि हचिसन मॅक्स, म्हणजे आपल्या तोंडचं मॅक्सटच. तेच पुढे ऑरेंज झालं, मग हच, मग व्होडाफोन. एकच नंबर आणि चार नावं पाहिलेले लोक आमच्या सोसायटीत आहेत. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्याच दूरसंचार क्षेत्रात होती. लँडलाइनला ०२२ आणि मोबाइललाही मुंबईचाच दर, हे आपलं नशीब. पुण्याकडे निघालं की घाटाच्या आसपास कुठेतरी रोमिंग लागायचं आणि माणूस फोनकडे मीटर चढलेल्या रिक्षासारखा बघायचा.

दर ऐकले तर आज खोटे वाटतील. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत, आणि येणाऱ्या कॉलचेही पैसे. म्हणजे समोरच्याने तुम्हाला फोन केला तरी खिसा तुमचाही हलका. त्यामुळे पहिल्या चार-पाच वर्षांतला फोन हे बोलायचं यंत्र कमी आणि नंबर दाखवायचं यंत्र जास्त होतं. नंबर बघायचा, फोन कट करायचा, आणि जवळच्या पीसीओत जाऊन एक रुपयाचं नाणं टाकायचं. त्या काळातल्या नोकिया, मोटोरोला किंवा एरिक्सनच्या फोनची तुलना वजनावर आणि अँटेनावर व्हायची. अँटेना बाहेर डोकावत असे आणि शर्टाच्या खिशाची शिवण उसवत असे. १९९९ च्या नोकिया ३२१० ने ती पोटात घेतली. हा बदल बघायला साधा, पण फोन खिशात राहू लागला तो तिथून.

३३१० आला २००० साली. १३३ ग्रॅम वजन, ८४ बाय ४८ ठिपक्यांचा पडदा, आणि साप. सापाचा खेळ नोकियाने १९९७ च्या ६११० मध्ये पहिल्यांदा घातला होता. तो लिहिणारे इंजिनिअर तानेली अर्मांतो. ३३१० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती होती. बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची, ९०० एमएएच. 'पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, मग पूर्ण उतरू द्या' हा दुकानदाराचा मंत्र या जातीच्या बॅटरीतून आलेला. पुढे लिथियम बॅटऱ्या आल्या, त्यांना असल्या उपवासाची गरज नव्हती. तरी आमच्याकडे आई नवीन फोन आणला की रात्रभर लावूनच ठेवायची, आणि पूजा होईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

११०० आला २००३ मध्ये. ३३१० च्या तुलनेत यात नवं काय, असं विचारलं तर कागदावर फारसं काही नाही. पडदा थोडा मोठा, वजन ८६ ग्रॅम, धूळ आत जाऊ नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, आणि डोक्यावर टॉर्च. पण जगात २५ कोटींहून जास्त खपला. ठाण्यात टॉर्चचं मोल वेगळं सांगायला नको: मुंबई शहराला भारनियमनातून सूट होती, आपल्याला नव्हती. जिन्यात, गच्चीवरच्या टाकीपाशी, स्कूटरच्या डिकीत, सगळीकडे ११००. २६ जुलै २००५ च्या पुरात मोबाइलची जाळी कोलमडली, लोक रुळांवरून चालत घरी आले. फोन लागत नव्हता, पण टॉर्चला रेंज लागत नाही.

तरीही ११०० ची खरी ताकद टॉर्चमध्ये नव्हती. तो आला त्याच वर्षी येणारे कॉल फुकट झाले, हे जास्त महत्त्वाचं. आणि त्याला कारण कोपरखैरण्यात होतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना तो परिसर माहीत असेल: धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी. रिलायन्स इन्फोकॉमने २८ डिसेंबर २००२ ला, धीरूभाईंच्या जन्मदिवशी, आपली सेवा जाहीर केली. तंत्र सीडीएमए, म्हणजे बाकीच्यांच्या जीएसएमपेक्षा वेगळी मोबाइल पद्धत; आपसातल्या कॉलला मिनिटाला ४० पैसे. पोस्टकार्ड तेव्हा ५० पैशांना होतं आणि कॉल पोस्टकार्डापेक्षा स्वस्त करायचा हे धीरूभाईंचं जुनं बोलणं, ते अक्षरशः जमलं. २००३ च्या पावसाळ्यात 'मान्सून हंगामा' आला: ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा. भाजीवाले, रिक्षावाले, प्लंबर, घरकामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांच्या हातात एकाएकी फोन दिसू लागला. बाकीच्या कंपन्यांना दर उतरवावेच लागले.

इथे दोन फोनची तुलना म्हणजे दोन पद्धतींची तुलना होती. जीएसएमवाल्या नोकियात सिम कार्ड. फोन बदला, सिम काढा, नव्यात घाला, नंबर तोच. रिलायन्सच्या एलजी किंवा सॅमसंगमध्ये सिमच नव्हतं. नंबर फोनमध्येच लिहिलेला. फोन बिघडला तर नंबरही दुरुस्तीला. दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर तो फोन पेपरवेट. पण आवाज स्वच्छ, आणि 'आर वर्ल्ड' नावाच्या मेनूत बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, गेम असं बरंच काही होतं, जेव्हा ११०० वाल्यांकडे फक्त साप होता. जीएसएम फोनची आणखी एक सवय आठवा: टीव्हीजवळ किंवा स्पीकरजवळ ठेवला, की घंटी वाजायच्या आधी 'टडक-टडक' असा खरखराट यायचा. फोन सलग न बोलता सेकंदाला २१७ तुकड्यांत सिग्नल सोडतो, तो ठोका स्पीकर पकडायचा. सीडीएमएला हे दुखणं नव्हतं. घरात टडक-टडक झालं नाही तरी फोन वाजला, म्हणजे तो बाबांचा रिलायन्स.

मिस्ड कॉल मात्र दोन्हीकडे सारखाच चालला. एक रिंग म्हणजे ठाण्याला उतरलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे उचल, पैसे जाऊ दे. जलद लोकलमध्ये डोंबिवलीकडे निघालेला माणूस 'पारसिक आला, ठेवतो' म्हणायचा, कारण बोगद्यात रेंज जाणारच होती.

मेसेजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसायची, पण ती रोमन. डबा १४० बाइटचा; रोमन अक्षराला सात बिट पुरतात, देवनागरीला सोळा लागतात. म्हणून मराठीत ७० च, आणि त्यातही काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकी वेगळा धरलेला. 'गणपती बाप्पा मोरया' एवढ्यातच अठरा जागा गेल्या. आपण सगळे 'kasa ahes' च्या धर्तीवर रोमन मराठीत शिरलो, त्याचा दोष नव्या पिढीवर ढकलणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

पुढचा काळ भराभर गेला. नोकिया ६६०० ने कॅमेरा आणि ब्लूटूथ आणलं. २००५ पासून सोनी एरिक्सनच्या वॉकमन फोननी गाणी आणली. मोटोरोलाचा एफ३ मात्र वेगळाच: ई-पेपरचा पडदा, भर उन्हात लख्ख दिसणारा, पण मेसेज सहा-सहा अक्षरांच्या दोन ओळींत वाचावा लागे. 'जेवण झालं का' वाचेपर्यंत जेवण होऊन जायचं. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला, तेव्हा अख्ख्या ट्रेनने फोनची पाठ उघडून बॅटरीवरचे आकडे वाचले होते. मग दोन सिमचे, मोठ्या स्पीकरचे चिनी फोन आले. त्यांतल्या कित्येकांना आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांकच नव्हता, आणि २००९ च्या अखेरीस सरकारने असे फोन बंद पाडले. त्या दिवसांत तो क्रमांक दाखवणारे *#०६# हे आकडे ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानांत मंत्रासारखे दाबले जात होते.

गेल्या महिन्यात कप्पा आवरताना सगळे फोन चार्जिंगला लावले. बाबांचा रिलायन्सवाला एलजी उजळला, वेळ चुकीची दाखवली आणि नेटवर्क शोधत बसला. ते जाळं बंद होऊन वर्षं झाली. ११०० ची बॅटरी फुगलेली होती. पण बीएल-५सी अजून मिळते, कारण भजनाच्या छोट्या स्पीकरमध्ये तीच लागते. जांभळी नाक्यावर घेतली, नॅनो सिमला अडॅप्टर लावला, आणि फोनने दोन काड्या दाखवल्या. आईला एक रिंग दिली. तिने लगेच उलट फोन केला आणि विचारलं, "कट का केलास? काय झालं?"